लोणा : दोष विटेचा की आपल्या पाण्याचा?

चातुर्मास सरत येतो, पाऊस उघडतो, दिवाळीच्या साफसफाईस आरंभ होतो आणि अंगणातील विटांच्या भिंतीकडे आपले लक्ष जाते. पावसाळाभर ओलसर, तांबूस दिसणारी ती भिंत चार दिवस ऊन लागताच ठिकठिकाणी पांढरी पडू लागते. कोणी मूठभर पीठ भुरभुरावे तसे डाग दिसतात. हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागते. जुनी माणसे यालाच ‘भिंतीला लोणा लागला’ असे म्हणत. लोणा म्हणजे लवण, क्षार. गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती अलीकडे पुन्हा आवडीने बांधल्या जातात. बागेची कुंपणभिंत, फुलझाडांच्या वाफ्यांचे कठडे, अंगणातील बसण्याचे ओटे यांत हा प्रश्न हमखास उद्भवतो. दिसायला क्षुल्लक असलेल्या या डागापायी आपण पैसा, वीट आणि कधी कधी माणूसही कसा गमावतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक आणि तीतून मिळालेली माहिती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्या भिंतीची हकिकत

बँकेतून निवृत्त झाल्यावर सांगलीतील आमच्या घरामागे मी सुमारे चाळीस फूट लांबीची विटांची भिंत बांधून घेतली. माघात काम पूर्ण झाले. भिंतीच्या पायथ्याशी सौभाग्यवतींनी मोगरा, प्राजक्त आणि कढीपत्ता लावला. पहिला पावसाळा गेला आणि दिवाळीत भिंतीचा खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा पांढरा झाला. पाहुणे येत, भिंतीकडे पाहत आणि विचारीत, “वीट कोणाकडून घेतली?”

माझ्या मनाने निकाल लावून टाकला : वीट खराब आहे. मेस्त्रींच्या ठरलेल्या रकमेपैकी आठ हजार रुपयांचा शेवटचा हप्ता द्यावयाचा होता. तो मी रोखून धरला. वीट पुरवणाऱ्या व्यापाऱ्याविषयी दोन परिचितांजवळ स्पष्टच बोललो, “त्यांचा माल घेऊ नका.” त्यांपैकी एकाने आपली ऑर्डर दुसरीकडे दिली, हे मला पुढे समजले.

मग एका शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून फरशी धुण्याचे तीव्र आम्ल आणून भिंतीवर ओतले. फेस आला, डाग नाहीसा झाला, भिंत नव्यासारखी झाली. मला समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याच्या वाफ्यात पाहिले, तर गांडुळे मातीवर येऊन मरून पडलेली होती. मोगऱ्याची पाने आठवडाभरात करपली. इतके करूनही महिनाभरात डाग परतला आणि पहिल्यापेक्षा दाट होऊन परतला. फाल्गुन संपेपर्यंत काही विटांच्या दर्शनी भागाचे पापुद्रे सुटू लागले आणि सांध्यांतील सिमेंट बोटाने उकरता येईल इतके भुसभुशीत झाले.

वैशाखात नात्यातील एक स्थापत्य अभियंता घरी आले. त्यांनी भिंतीकडे कमी आणि तिच्या पायथ्याकडे व माथ्याकडे अधिक वेळ पाहिले. मग विचारले, “काका, बागेला पाणी कुठले घालता?” या एका प्रश्नाने माझ्या निकालाचा पायाच हलला.

लोणा म्हणजे नेमके काय?

भाजलेली वीट डोळ्यांना घट्ट दिसते, पण तिच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. दिव्याची वात तेल वर ओढते तशी वीट पाणी ओढते. या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. पाणी आत शिरते ते एकटे शिरत नाही. विरघळलेले क्षार ते बरोबर आणते आणि विटेत, सिमेंटमध्ये, वाळूत जे विद्राव्य क्षार आधीच असतील तेही आपल्यात सामावून घेते. ऊन पडले, वारा सुटला की हे पाणी भिंतीच्या पृष्ठभागाकडे येते आणि वाफ होऊन निघून जाते. क्षाराची वाफ होत नाही. तो तेथेच बसतो. तोच आपला पांढरा डाग.

म्हणजे लोणा उमटण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : विरघळणारा क्षार, त्याला वाहून आणणारे पाणी आणि ते पाणी सुकण्याची वाट. यांपैकी एक जरी तोडली तरी डाग थांबतो. क्षार थोडाफार सर्वत्र असतोच आणि ऊन-वारा आपण बंद करू शकत नाही. आपल्या हाती उरते ते पाणी.

हे क्षार मुख्यतः सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांची सल्फेटे असतात. शेणखत, जनावरांचे मूत्र किंवा रासायनिक खते यांचा संपर्क असेल तेथे नायट्रेटे, म्हणजे सोऱ्याच्या जातीचे क्षारही आढळतात. याखेरीज एक निराळा पांढरा डाग असतो. सिमेंटमधून सुटणारा चुना पाण्याबरोबर बाहेर येतो, हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण थर बनतो. त्याचे ओघळ सांध्यांपासून खाली उतरलेले दिसतात.

पृष्ठभागावरील लोणा केवळ दृष्टीला खुपतो. खरा धोका आहे तो पृष्ठभागाच्या आत साचणाऱ्या क्षाराचा. कोरडे सोडियम सल्फेट पाणी शोषून स्फटिकरूप घेते तेव्हा त्याचे आकारमान तिपटीहून अधिक होते. विटेच्या चिमुकल्या छिद्रांत ही वाढ झाली की वीट आतून फुटते आणि दर्शनी भागाचे पापुद्रे गळू लागतात. भिंतीवर तेलरंग, चकचकीत वार्निश किंवा हवा अडवणारा लेप चढवला की नेमके हेच घडते. डाग झाकला जातो, क्षार मात्र आतल्या आत साचत राहतो.

पाण्याचा जमाखर्च

त्या अभियंत्यांनी घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राबरोबर मिळालेले छोटे मापक मागितले आणि बागेला घातल्या जाणाऱ्या बोअरच्या पाण्यात बुडवले. आकडा आला हजाराच्या आसपास, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे एक ग्रॅम विरघळलेला क्षार. त्यांनी एवढेच सांगितले. पुढचा हिशेब माझ्या जन्माच्या सवयीने मीच केला.

वाफ्याला रोज सुमारे शंभर लिटर पाणी जात होते. म्हणजे रोज शंभर ग्रॅम क्षार. पावसाळ्याचे चार महिने सोडले तरी आठ महिन्यांत, २४० दिवसांत, चोवीस किलो. पाणी झाडांनी प्याले, उन्हाने नेले. ते खर्ची पडले. क्षार मात्र शिल्लक राहिला आणि दरवर्षी पुढे ओढला गेला. हा सगळाच क्षार भिंतीत शिरतो असे नव्हे. बराचसा मातीत राहतो, काही पावसाबरोबर खोल जातो. परंतु चोवीस किलोतील किलोभर जरी विटांनी ओढून घेतला, तरी चाळीस फुटांची भिंत पांढरी व्हावयास तो पुरेसा आहे.

शिवाय तीन दोष स्पष्ट दिसले. पहिला, वाफ्याची माती आम्ही भरत गेलो, ती जोत्यावरील ओलावा अडवणाऱ्या थराच्या फूटभर वर चढली होती. जो थर जमिनीतील ओल अडवण्यासाठी घातला, त्यालाच वळसा घालून ओल थेट विटेत शिरत होती. दुसरा, रबरी नळीचा फवारा रोज भिंतीवर आदळत होता. तिसरा, भिंतीच्या माथ्यावर फरशीचे झाकण नव्हते. पावसाचे पाणी उघड्या सांध्यांतून सरळ आत उतरत होते. हे झाकण घालावे, असे मेस्त्रींनी काम चालू असतानाच सुचवले होते. खर्च वाचवण्यासाठी ते मीच नाकारले होते.

विटेची परीक्षा

तरीही वीट निर्दोष आहे की नाही, हे पाहणे न्यायाचे होते. बांधकामातून काही विटा उरल्या होत्या. भारतीय मानक ३४९५ च्या तिसऱ्या भागात या परीक्षेची रीत दिलेली आहे आणि ती घरीही करून पाहता येते. पसरट भांड्यात वीट उभी ठेवावयाची आणि तिचे टोक २५ मिलिमीटर बुडेल इतके ऊर्ध्वपातित पाणी घालावयाचे. बॅटरीसाठी दुकानात मिळते ते पाणी चालते. हवेशीर खोलीत हे भांडे ठेवून सर्व पाणी विटेने शोषून ती सुकेपर्यंत थांबावयाचे. मग तितकेच पाणी पुन्हा घालून पुन्हा सुकू द्यावयाचे. त्यानंतर विटेवर किती पांढरेपणा आला ते पाहावयाचे.

काहीच न दिसल्यास ‘नाही’, दहा टक्क्यांपर्यंत भागावर पातळ थर आल्यास ‘अल्प’, पन्नास टक्क्यांपर्यंत आल्यास ‘मध्यम’, त्याहून अधिक आल्यास ‘भारी’ आणि थराबरोबर भुकटी वा पापुद्रे सुटू लागल्यास ‘गंभीर’, अशी प्रतवारी आहे. भारतीय मानक १०७७ प्रमाणे नेहमीच्या बांधकामाच्या विटेत लोणा ‘मध्यम’ श्रेणीच्या पुढे जाता कामा नये. अधिक मजबुतीच्या वरच्या वर्गांसाठी मर्यादा ‘अल्प’ अशी आहे. त्याच मानकानुसार चोवीस तास पाण्यात बुडवलेल्या सामान्य विटेने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये.

मी पाच विटांची परीक्षा घेतली. तिन्हींवर काहीच नाही, दोहोंच्या कडेला नखाएवढी पांढरी रेघ. वीट उत्तम होती. ज्या व्यापाऱ्याची पत मी दोन ठिकाणी कमी केली, त्याचा माल मानकाच्या कसोटीला पुरेपूर उतरला होता.

हाच खेळ मोठ्या पटावर

शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत ज्यांची शेती आहे त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिले, निचरा झाला नाही, भूजल वर आले आणि पाण्याबरोबर क्षारही वर आला. सोन्यासारखी काळी जमीन पांढरी पडली. तिला आपण क्षारपड म्हणतो. तेथेही वरची पांढरी माती खरवडून प्रश्न सुटला नाही. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून पाण्याचा निचरा केला, तेव्हाच जमीन पुन्हा पिकाखाली येऊ लागली.

सिंध प्रांतातील मोहेंजोदडो हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. १९२२ पासून तेथे उत्खनन सुरू झाले आणि चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे भाजक्या विटांचे नगर उघडे झाले. १९३२ मध्ये सक्करचा बंधारा सुरू होऊन परिसरात कालव्याचे पाणी खेळू लागले, भूजलाची पातळी वाढली आणि जमिनीतील क्षार त्या प्राचीन विटांत चढला. भूमीच्या पोटात सहस्रावधी वर्षे टिकलेल्या विटा उघड्यावर आल्यानंतर काही दशकांतच झडू लागल्या. १९७४ मध्ये युनेस्कोने त्यांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम आरंभिली. ती १९९७ पर्यंत चालली. तिच्यातील एक प्रमुख काम कोणते होते? नलिकाकूप खोदून पाणी उपसणे आणि भूजलाची पातळी खाली नेणे. तेथेही वैद्यांनी आधी पाण्याचीच नाडी पाहिली.

डाग ओळखावा कसा?

उपचारापूर्वी निदान हवे. डागाचा थोडा अंश बोटावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. विरघळून गेला तर तो क्षार, म्हणजे खरा लोणा. विरघळला नाही आणि लिंबाच्या रसाच्या थेंबाने बारीक बुडबुडे आले, तर तो चुन्याचा थर. दोन्ही न होता कापसासारखा लव असलेला, बहुधा सावलीच्या व सततच्या ओलीच्या जागी दिसणारा पांढरेपणा असेल, तर ती बुरशी समजावी. भुकटी जिभेवर ठेवून चव पाहण्याची जुनी खोड मात्र सोडावी.

डागाची जागाही पुष्कळ सांगते. जमिनीलगतचा पट्टा असेल तर ओल पायथ्यातून चढते आहे. माथ्याकडून डाग उतरत असतील तर वरून पाणी मुरते आहे. मध्येच एखादा गोल डाग असेल तर आतून गेलेली नळी किंवा भिंतीला टेकलेली कुंडी तपासावी. भिंत नुकतीच बांधलेली असून सर्वत्र सारखा, पातळ पांढरेपणा असेल, तर काळजी नको. बांधकामातील मूळच्या ओलीबरोबर आलेला तो लोणा बहुधा एक-दोन ऋतूंत आपोआप ओसरतो. महापुराचे पाणी ज्यांच्या भिंतींत शिरून गेले, त्यांनीही धीर धरावा. भिंत सुकण्यास जाडीच्या प्रत्येक इंचास सुमारे एक महिना, असा ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीवर पुराचे पाणी ओसरताच महिनाभरात रंग चढवणे म्हणजे खर्चाला आमंत्रण देणे होय.

जयणेने करावयाचे उपाय

पहिला उपाय, पाणी तोडणे. पायथ्याची माती जोत्याच्या थराखाली निदान सहा इंच उतरवावी. वाफा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर रुंदीचा चर ठेवून त्यात खडी भरावी. नळीचा फवारा भिंतीवर जाऊ देऊ नये. शक्य तेथे ठिबकने झाडांच्या बुंध्याशीच पाणी द्यावे. पाणी वाचते आणि अप्कायाची विराधनाही तेवढी कमी होते. माथ्यावर शहाबादी फरशी दोन्ही बाजूंस दोन इंच पुढे येईल अशी बसवावी आणि तिच्या खालच्या अंगास, बाहेर आलेल्या भागात, लांबट खाच पाडून घ्यावी. खाचेपाशी थेंब तुटतो, भिंतीकडे परत ओढला जात नाही. भिंत मातीचा भराव अडवणारी असेल, तर पाणी बाहेर पडण्यासाठी तळाशी छिद्रे हवीत आणि भरावाकडील अंगास ओलावा अडवणारा लेप हवा.

दुसरा उपाय, कोरडी झाड. पाण्याची वाट तोडल्यावरच हे काम हाती घ्यावे आणि ते कोरड्या ऋतूत, माघ-फाल्गुनात करावे. चातुर्मासात भिंतीवर शेवाळ असते, सांध्यांत सूक्ष्म जीवांचा वास असतो. त्या काळात घासणे आपल्या आचाराला शोभणारे नाही आणि त्याचा उपयोगही नाही. आरंभी मऊ पुंजणीने भिंत पुंजून मुंग्या, कोळी यांना वाट द्यावी. मग काथ्याच्या किंवा प्लास्टिकच्या कडक कुंचल्याने कोरडेच घासावे. लोखंडी तारेचा कुंचला वापरू नये. त्याचे कण विटेत अडकतात आणि पुढे गंजून तांबडे डाग पडतात. खाली वर्तमानपत्र अंथरून पडलेली भुकटी गोळा करावी. ती वाफ्यातच पडू दिली, तर पुढील पाण्याबरोबर तोच क्षार पुन्हा भिंतीत येतो. शेवटी पिळलेल्या ओल्या फडक्याने भिंत पुसून घ्यावी. नळी लावून धुऊ नये. भरपूर पाणी क्षाराला बाहेर नेत नाही, पुन्हा आत ढकलते.

हट्टी जागेसाठी कागदाचा लगदा हा सौम्य आणि गुणकारी उपाय आहे. छपाई नसलेला पांढरा कागद स्वच्छ, कमी क्षाराच्या पाण्यात भिजवून त्याचा लगदा करावा आणि भिंतीवर बोटभर जाडीचा थर लावून तो पूर्ण सुकू द्यावा. सुकताना भिंतीतील क्षार लगद्यात उतरतो. मग तो सोलून काढावा. दोन-तीन वेळा केल्यास फरक दिसतो. जुन्या वाड्यांच्या, धर्मशाळांच्या विटांसाठी ही रीत विशेष योग्य आहे.

चुन्याचा कठीण थर पाण्याने जात नाही. तेथे पातळ केलेला पांढरा व्हिनेगर कोपऱ्यातील एका विटेवर आधी लावून पाहावा. लावण्यापूर्वी भिंत साध्या पाण्याने ओली करावी, म्हणजे आम्ल आत शोषले जात नाही. डाग सैल होताच थोड्या स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे आणि पायथ्याशी प्लास्टिकचा कागद पसरून माती व तिच्यातील जीव सुरक्षित ठेवावेत.

फरशी धुण्याचे तीव्र आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, भिंतीवर ओतू नये. ते सांध्यांतील सिमेंट खाते, त्यातून नवे क्लोराइडचे क्षार तयार होऊन भिंतीतच राहतात, म्हणजे रोग बरा करावयाच्या औषधातूनच रोग वाढतो. काम करणाऱ्याच्या डोळ्यांना व श्वासाला होणारा अपाय वेगळाच. पाणी अडवणारा लेप द्यावयाचाच असेल, तर भिंत पूर्ण सुकल्यावर व क्षार निघून गेल्यावर, वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या जातीचाच द्यावा.

नव्या बांधकामात चार गोष्टींवर नजर ठेवावी. वीट पुरेशी भाजलेली असावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत नाद यावा. वाळू खाडीची नसावी. बांधकामाचे पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे त्यात सल्फेटाचे प्रमाण लिटरला ४०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. विटांची थप्पी उघड्या मातीवर न रचता फळ्यांवर रचावी आणि अर्धवट भिंत पावसात उघडी ठेवू नये.

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक सूचना. गोदामाच्या भिंतीला लोणा दिसला, तर तो केवळ रंगाचा प्रश्न मानू नये. भिंत ओल पीत आहे, अशी ती लेखी सूचनाच होय. हळद, बेदाणा, गूळ यांना ओल किती लवकर बाधते, हे आपणांस सांगावयास नको. पोती फळ्यांवर ठेवावी, भिंतीपासून निदान हातभर अंतर राखावे आणि बाहेरच्या बाजूस गटार तुंबले आहे काय, छपराची पन्हाळ फुटली आहे काय, हे आधी पाहावे.

डाग कोणाच्या खात्यावर?

आपल्या शास्त्रात आत्म्यास लागणाऱ्या कर्ममलाचा विचार आस्रव, बंध, संवर आणि निर्जरा या तत्त्वांनी मांडला आहे. कर्म येते त्या द्वाराला आस्रव, ते द्वार बंद करण्याला संवर आणि साचलेले झाडून टाकण्याला निर्जरा म्हणतात. लहानपणापासून पाठशाळेत ऐकलेले हे शब्द मला सत्तरीच्या उंबरठ्यावर एका भिंतीपाशी नीट उमगले. आस्रव चालू ठेवून मी निर्जरेचा खटाटोप करीत होतो, तोही उग्र आम्लाने. संवर केला नाही, तर घासून घासून वीट संपेल, डाग संपणार नाही.

गांडुळे मेली ती माझ्या प्रमादाने. त्या आम्लाची काहीएक गरज नव्हती. केवळ पाहुण्यांच्या नजरेसाठी ते ओतले, म्हणून तो सरळ सरळ अनर्थदंड झाला. पण त्याहून अधिक खुपली ती दुसरी गोष्ट. अठरा पापस्थानकांत तेरावे अभ्याख्यान आहे : दुसऱ्यावर खोटा आळ घेणे. आयुष्यभर इतरांच्या खात्यांतील नोंदी तपासणाऱ्या मी, स्वतःची रक्कम दुसऱ्याच्या नावे टाकली होती.

त्या वर्षी संवत्सरीपूर्वी मी वीटभट्टीवर गेलो आणि परीक्षेच्या त्या पाच विटा बरोबर नेल्या. व्यापाऱ्यास सर्व सांगितले. ज्या दोघांजवळ मी बोललो होतो, त्यांनाही माझा निष्कर्ष चुकीचा होता हे स्वतः जाऊन सांगितले. गेलेली ऑर्डर परत आली नाही. काही नुकसान भरून येत नाही, ते कबूलच करावे लागते. मेस्त्रींच्या घरी जाऊन आठ हजार रुपये दिले आणि हात जोडले. ते म्हणाले, “साहेब, पैशाचं राहू द्या, पण माझ्या हातची भिंत खराब म्हणून चार लोकांनी बघितली, त्याचं वाईट वाटलं होतं.” माथ्यावर फरशी बसवण्याचे काम मी त्यांनाच दिले. या वेळी पैसे आगाऊ दिले.

आता चार वर्षे झाली. मातीची पातळी खाली आहे, पाणी ठिबकचे आहे, फरशीखालच्या खाचेतून थेंब तुटून पडतात. दर हिवाळ्यात पायथ्याशी किंचित पांढरी झाक येते, दरवर्षी पहिल्यापेक्षा फिकी. मी ती पुंजून, कोरडी झाडून काढतो आणि भुकटी किती निघाली ते वहीत लिहून ठेवतो. आम्लाने झिजलेल्या विटा मात्र तशाच आहेत. त्या बदलाव्यात असे मुलाचे म्हणणे आहे. मी त्या मुद्दाम राहू दिल्या आहेत. भिंत कोणी दाखवायला आली आणि पाहुण्यांनी विचारले, “वीट कोणाकडून घेतली?” तर आता मी व्यापाऱ्याचे नाव आनंदाने सांगतो आणि झिजलेल्या विटांकडे बोट दाखवून म्हणतो, “हे माझे काम.”